वाळवंटाची गवाही

उर्दू कवितेत दोन जागा फार भेटतात. एक सहरा आणि दुसरी साहिल. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे दोन शब्द वर्षातून कितीतरी वेळा फळ्यावर लिहावे लागतात. सहरा म्हणजे वाळवंट, साहिल म्हणजे किनारा. अर्थ सांगून होतो. पण समोर बसलेल्या सोलापूरच्या मुलांनी यातलं काहीच पाहिलेलं नसतं. बहुतेक वर्गांत साहिल नावाचा एखादा मुलगा असतोच आणि त्यानेही समुद्र पाहिलेला नसतो. सहरा तर आणखी लांब. गल्फमध्ये कामाला गेलेल्या मामाने मोबाईलवर पाठवलेला उंटाचा फोटो, एवढीच त्याची ओळख.

मराठीने मात्र आमची सोय करून ठेवली आहे. मराठीत वाळवंट म्हटलं की राजस्थान आठवतो, तसंच पंढरपूरही आठवतं. भीमा नदी तिथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा, आणि तिच्या पात्रातली वाळू म्हणजे वाळवंट. आमच्या शहरापासून सत्तर-बहात्तर किलोमीटर. याच वाळूत शतकानुशतकं कीर्तनं झाली. योगसंग्राम लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकरी संतांच्या मालिकेत बसले, ते याच परंपरेत. किनाऱ्याचंही तसंच. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकतं, तेव्हा काठावर उतरत्या पातळीच्या रेषा उमटतात, पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं आणि उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे दिसतात. मुलांना सहरा आणि साहिल दाखवायला मला जैसलमेर किंवा जुहूला जायची गरज राहिली नाही. कुणीतरी वापरून विकलेला एक डीएसएलआर कॅमेरा आणि शाळेच्या सुट्ट्या पुरल्या.

इथे आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येणारच, म्हणून तो आधी घेतो. तस्वीर जायज की नाजायज? आमच्या घरातही ही चर्चा झाली. इब्ने अब्बास (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. चित्रं काढून पोट भरणारा एकजण त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं की काढायचंच असेल तर झाडांची आणि ज्यात जीव नाही अशा गोष्टींची काढ. कॅमेऱ्याने टिपलेली छबी या मनाईत येते की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत आणि तो माझा विषय नाही. आमच्या चाचांनी मात्र निकाल देऊन टाकला: “जानवाली चीज की नक्को, बाकी क्या बी कर.” वाळू, पाणी, आभाळ यांच्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. पुढे माझ्या लक्षात आलं की निर्जीव वस्तूच्या फोटोतही हलाल-हराम असतं, फक्त ते वेगळ्या जागी असतं. त्याबद्दलच हा लेख आहे.

वाळूचा फोटो सोपा वाटतो, पण तसा नसतो. कॅमेऱ्याच्या आतलं प्रकाशमापक यंत्र समोर जे काही असेल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतं. त्यामुळे उन्हात चकाकणारी पांढरी वाळू फोटोत मळकट येते आणि काळी वाळू उगाच फिकी पडते. रत्नागिरीत हा धडा एका दिवसात शिकता येतो. तिथे गावाच्या एका बाजूला पांढरा समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला मांडवीचा काळ्या वाळूचा किनारा. पांढऱ्या वाळूवर कॅमेऱ्याने सांगितलं त्यापेक्षा एक पायरी जास्त प्रकाश द्यावा लागतो, काळ्या वाळूवर कमी. यंत्राला सगळं एकाच रंगाचं वाटतं. समोर काय आहे ते बघून ठरवणं माणसालाच करावं लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. दुपारी बाराला वाळवंट म्हणजे एक कोरा कागद. सावलीच नाही, तर उंचसखलपणा दिसणार कशाने? फजरची नमाज करून निघालेल्याला मात्र सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना वाळूवरची प्रत्येक लहर, प्रत्येक पाऊल वेगळं दिसतं. ही मौज अर्धा तास टिकते. त्या अर्ध्या तासात वाऱ्यात लेन्स बदलायची नाही, कारण वाळूचा कण आत गेला की तो आभाळात काळा ठिपका होऊन बसतो. काचेवर बसलेली वाळू फडक्याने पुसायची नाही, आधी फुंकणीने उडवायची. नाहीतर ओरखडे पडतात. समुद्रावर वाळूपेक्षा खारी हवा वाईट, म्हणून परतल्यावर कॅमेरा किंचित ओल्या कापडाने टिपून घ्यायचा. ट्रायपॉडचे पाय आधी दाबून रुतवायचे, मगच बटण दाबायचं.

यानंतर संगणकाचं काम सुरू होतं. पुष्कळांना वाटतं की संगणक आला आणि फोटो खोटा झाला. इतिहास तसं सांगत नाही. १८५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे नावाचा छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा रंग फार लवकर लागायचा. समुद्र नीट यावा इतका प्रकाश दिला की आभाळ जळून पांढरं व्हायचं. मग त्याने काही चित्रांत आभाळाची वेगळी प्लेट घेतली, समुद्राची वेगळी, आणि दोन्ही एकाच कागदावर छापल्या. लोक थक्क झाले. म्हणजे किनाऱ्याच्या फोटोचं संपादन हे जवळजवळ छायाचित्रणाइतकंच जुनं आहे.

फोटोशॉपची गोष्टही किनाऱ्यावरच सुरू होते. टॉमस आणि जॉन नोल या भावांनी तयार केलेला हा प्रोग्राम १९९० मध्ये बाजारात आला. त्याआधी तो लोकांना दाखवताना जॉन नोल एक फोटो वापरत असत. १९८७ साली बोरा बोरा बेटाच्या किनाऱ्यावर बसलेल्या त्यांच्या मैत्रिणीचा तो फोटो होता. किनाऱ्यावरची एक व्यक्ती दोन करून दाखवायची, असे चमत्कार त्यावर व्हायचे. आणि वाळवंटाचा सर्वात गाजलेला खटला त्याच्याही आधीचा. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड आणि त्यांच्यासमोरून जाणारे उंट होते. फोटो आडवा होता, मुखपृष्ठ उभं. मग संगणकाने दोन पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले. छायाचित्रकार थोडा बाजूला उभा राहिला असता तर असंच दिसलं असतं, असा बचाव तेव्हा झाला. पुढे त्याच नियतकालिकाने ती चूक होती हे मान्य केलं.

ल ग्रे आणि हे पिरॅमिड यांत फरक काय? दोघांनीही हात फिरवला. मी माझ्यापुरता हा फरक असा समजून घेतला आहे. काही दोष कॅमेऱ्याचे असतात आणि काही गोष्टी जमिनीवरच्या असतात. सेन्सरवर बसलेल्या धुळीचा ठिपका आभाळात नव्हताच. तो पुसला तर आभाळ आपल्या जागी येतं. क्षितिज तिरकं आलं, तर तिरका माझा हात होता. ते सरळ करावं. सावलीतला तपशील डोळ्याला दिसत होता, पण कॅमेऱ्याने तो काळा केला. रॉ फाईलमधून तो पुन्हा वर काढावा. पहाटेची वाळू निळसर दिसत होती आणि कॅमेऱ्याने ती पिवळी केली, तर व्हाइट बॅलन्स फिरवून तिचा निळा तिला परत द्यावा. हे सगळं हक्कदाराचा हक्क परत देण्यासारखं आहे. पण जमिनीवर जे होतं ते काढणं, किंवा जे नव्हतं ते आणून ठेवणं, ही वेगळी गोष्ट. फोटो पाहणारा माणूस तिथे नव्हता. तो आपल्या भरवशावर आहे. त्याच्यासाठी फोटो म्हणजे गवाही, आणि खोट्या गवाहीची गणना आपल्याकडे कबीरा गुनाहांत होते.

हे कागदावर सोपं आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात ते अवघड होतं. कारण हे वाळवंट आता सपाट राहिलेलं नाही. वाळू उपशाने पात्रात खड्डे पडले आहेत. पाणी असताना ते दिसत नाहीत; अंदाज न आल्याने स्नानाला उतरलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. पूर्वी नदी दर पुरात नवी वाळू आणून घालायची. आता वर धरण आहे, आणि धरण पाण्याबरोबर वाळूही अडवतं. म्हणून उपसलेली जागा भरून येणं कठीण. हा प्रश्न एकट्या पंढरपूरचा नाही. उजनीतून नदीत सोडलेलं पाणी याच पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत येत राहिलं आणि सोलापूरने ते वर्षानुवर्षं प्यायलं. त्या वाळूशी आपलं नातं नळापर्यंतचं आहे.

मे महिन्यातल्या एका पहाटेचा माझा एक फोटो आहे. लांबवर घाट आणि देवळांची शिखरं, मध्ये वाळूच्या लहरी, त्यांतून गेलेली एका माणसाची पावलं आणि डाव्या कोपऱ्यात मोठा खड्डा. खड्ड्यात साचलेलं पाणी, त्यात गुलाबी आभाळ, काठाला प्लॅस्टिकची पिशवी. एका संस्थेला तो दिनदर्शिकेसाठी आवडला. त्यांच्याकडून आलेले गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, “सर, तेवढा खड्डा आणि पिशवी काढून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.” काम दोन मिनिटांचंही नव्हतं. त्यासाठी जे साधन वापरतात त्याचं नाव हीलिंग ब्रश, म्हणजे बरा करणारा कुंचला. शेजारची चांगली वाळू तो उचलतो आणि जखमेवर पसरतो. मी म्हणालो, “पिशवीपुरतं बोललात तर ती मी फोटो काढण्याआधीच उचलून नेली असती, आणि नंतर नेलीही. खड्डा मात्र राहू द्या.” ते हसले. म्हणाले, “लोक भिंतीवर लावणार. मंगल दिसायला पाहिजे.” फोटो लागला नाही. दुसऱ्या कुणाचा तरी लागला. रागवण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांना जे हवं होतं ते माझ्याकडे नव्हतं.

पण तो प्रश्न मी वर्गात नेला. फोटोची एक प्रत तशीच ठेवली, दुसऱ्या प्रतीतून मुद्दाम खड्डा काढून टाकला, आणि दोन्ही छापून सातवीच्या मुलांसमोर ठेवले. यातला सच्चा कोणता, विचारलं. बहुतेक हात स्वच्छ फोटोसाठी वर गेले. कारण विचारलं तर म्हणाले, सहरा ऐसाच रहता. पुस्तकातला सहरा असाच असतो, हे खरंच. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठून टेबलापाशी आली. बोट फोटोवर ठेवून म्हणाली, “सर, ये आदमी कां गया?” वर्ग हसला. मी वाकून पाहिलं. वाळूतली पावलं खड्ड्याच्या काठाने वळून पुढे गेली होती. कुंचल्याने खड्ड्याबरोबर तेवढी वळणाची पावलंही बुजवली होती. आता तो माणूस सपाट वाळूवर चालत येत होता आणि मध्येच नाहीसा होत होता.

मी त्यावर व्याख्यान दिलं नाही. मुलंच बोलू लागली. कुणी म्हणालं, माणूस उडाला. कुणी म्हणालं, बुडाला. मग एकजण म्हणाला की गड्डा था इसलिए वो बाजू से गया. त्या एका वाक्यात मुलाने नदी वाचली होती. खड्डा ठेवला तर माणसाच्या वळणाला कारण होतं. खड्डा काढला तर माणूसच वेडा ठरत होता. इतिहासाच्या पुस्तकांतही असं पुष्कळदा होतं. ज्यांना चौकटीबाहेर ठेवलं जातं, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एखाद्या गोष्टीला चित्रातून वगळलं की फक्त तीच जात नाही, तिच्या शेजारच्यांच्या चालीचा अर्थही जातो.

वाळवंटाच्या छायाचित्रणात पावलं नकोत असा एक संकेत आहे. अस्पर्श वाळू सुंदर मानतात. सहाराच्या टेकडीला तो नियम शोभत असेल. पंढरपूरच्या वाळवंटाला शोभत नाही, कारण तिथे पावलं हेच वाळवंटाचं रूप आहे. लाखो माणसं येतात म्हणून ते वाळवंट आहे, नाहीतर ते नुसतं नदीचं पात्र. उजनीच्या काठावरही असंच. पाणी मागे गेलं की चिखलात जुन्या गावांच्या भिंतींचे दगड दिसतात. धरणाने उठवलेल्या गावांचे ते दगड. ते पुसून रोहित पक्षी तेवढे ठेवले, तर फोटो परदेशी सरोवराचा वाटेल. सुंदर वाटेल, पण आपला राहणार नाही.

आता हा प्रश्न कॅमेरेवाल्यांचा उरलेला नाही. प्रत्येक फोनमध्ये खोडरबर आलं आहे. बोट फिरवलं की माणूस जातो, तारा जातात, कचरा जातो, आणि मागे काय असायला हवं ते यंत्र कृत्रिम बुद्धीने स्वतःच रंगवतं. एकही पाऊल चुकणार नाही इतक्या सफाईने रंगवतं. माझ्या वर्गातल्या मुलीने जे पकडलं ते उद्या पकडता येणार नाही. म्हणून पकडण्यावर विसंबून चालणार नाही. काढणाऱ्याच्या नियतीवरच ते सोडावं लागेल. आमालचा दारोमदार नियतीवर, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मुलांना मी एवढंच सांगतो. लग्नाचा फोटो सजवा, रंग खुलवा, मजा करा; त्याला कुणी गवाही समजत नाही. पण गावाचा, नदीचा, गल्लीचा फोटो काढाल तेव्हा उजेड सुधारा, जमीन सुधारू नका. मागे तारीख आणि जागा लिहा. खड्डा भरायचा असेल तर तो नदीत भरावा लागेल, आणि तसं मागायला जायचं तर तो होता हे दाखवणारा कागद हातात हवा.

खड्ड्याचा तो फोटो सध्या आमच्या वर्गात फळ्याच्या बाजूला लावलेला आहे. खाली मुलांनी उर्दूत आणि मराठीत लिहिलं आहे: भीमा नदी, पंढरपूर, मे महिना. यंदा पाऊस झाल्यावर पुन्हा तिथे जाऊन त्याच जागेवरून फोटो काढायचा, असं सातवीने ठरवलं आहे. घाटाची कोणती पायरी धरून उभं राहायचं, तेही त्यांनी लिहून ठेवलं आहे.