चिन्न प्रमादम्

आमच्या टिपणवहीत बरीच वर्षे एक यादी वाढत आहे. मराठी आणि तेलुगू या दोन्ही भाषांनी संस्कृतातून घेतलेले, दिसायला सारखे, परंतु अर्थाने फारकत घेतलेले शब्द तीत आम्ही नोंदवतो. तेलुगूतील ‘अवसरम्’ म्हणजे संधी नव्हे, गरज. ‘अनुमानम्’ म्हणजे तर्क नव्हे, संशय. ‘अभ्यंतरम्’ म्हणजे आतली बाजू नव्हे, हरकत; म्हणूनच नांदेडच्या कचेरीत जे ‘ना हरकत प्रमाणपत्र’ असते, ते निर्मलच्या कचेरीत ‘निरभ्यंतर पत्रम्’ होते. या यादीचा आम्हांला थोडा अभिमानही होता. तीत ‘प्रमाद’ हा शब्द नव्हता. तो गेल्या पावसाळ्यात दाखल झाला, आणि त्याची किंमत आम्ही मोटारीच्या रूपाने मोजली.

निर्मलहून भैंशाला (आम्ही म्हैसा म्हणतो) आणि तेथून भोकरमार्गे नांदेडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ हा आमच्या कुटुंबाचा नित्याचा रस्ता. सोयरीक तिकडची, दवाखाना तिकडचा, पुस्तकांचे दुकानही तिकडचेच. दसऱ्याच्या सुमारास आम्ही हैदराबादच्या रस्त्यावरील एका शहरातून जुनी मोटार घेतली. विक्रेता साधासुधा दलाल नव्हता. नव्या गाड्यांच्या शोरूमला जोडलेला जुन्या गाड्यांचा विभाग होता, काचेच्या भिंती होत्या, चहा होता. किंमत ४ लाख ६० हजार. गाडी पाच वर्षांची, रंग चकचकीत. कागदांची चळत पुढे आली. छापील मजकूर सारा इंग्रजीत, त्यात ‘गाडी जशी आहे तशी’ घेत असल्याचे एक बारीक कलम. आणि शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईने हाताने लिहिलेली तेलुगू ओळ : ‘चिन्न प्रमादम्, मरम्मतु अयिंदि.’

आम्हांला बाजारापुरती तेलुगू उत्तम येते. लिपी वाचता येते, पण बोट ठेवून, अक्षर-अक्षर लावत. ‘चिन्न’ म्हणजे लहान, हे ठाऊक होते. ‘मरम्मतु’ म्हणजे आपली मरामत. आणि ‘प्रमादम्’? प्रमाद म्हणजे चूक, हे मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. काहीतरी लहानशी चूक होती, ती दुरुस्त केली, असा अर्थ आम्ही लावला. आरशाची काच किंवा दाराची मूठ असेल असे मनात धरले. समोरच्या तरुणाला विचारले, तर तो दख्खनीत म्हणाला, “छोटा काम था सर, हो गया.” आम्ही सही केली.

तेलुगूत ‘प्रमादम्’ म्हणजे धोका, आणि रस्त्यावरचा प्रमादम् म्हणजे अपघात. वर्तमानपत्रात रोज येणारा, दूरचित्रवाणीवर रोज ऐकू येणारा शब्द. आम्ही तो हजार वेळा ऐकला असेल. परंतु ऐकलेला शब्द आणि वाचलेला शब्द यांची आमच्या डोक्यात गाठ पडली नाही. डोळ्यांनी लिपी ओळखली की मन मराठी अर्थ पुरवून मोकळे होते. बेळगाव-निपाणीकडील आमचे बंधू या सापळ्यात सापडले नसते, कारण कन्नडात अपघाताला अपघातच म्हणतात आणि ‘प्रमाद’ म्हणजे तेथेही चूकच. प्रत्येक सीमेचे खड्डे निराळे असतात.

हिवाळा बरा गेला. उन्हाळ्यात पुढचे डावे टायर आतल्या अंगाने झिजलेले दिसले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चालकाच्या पायाखालची सतरंजी ओली झाली. भैंशाच्या एका मराठी मिस्त्रीने गाडी उचलून पाहिली, बॉनेटखालचे बोल्ट पाहिले, दाराच्या खांबाचे रबर ओढून आतला जोड पाहिला आणि हात पुसत म्हटले, “गुरुजी, ही गाडी पुढून जोरात ठोकलेली आहे. चेसिस ओढून सरळ केली, पण पुरती सरळ झालेली नाही. आणि इथं बघा, हाताएवढी लांबी भरली आहे.” लांबी म्हणजे पत्र्यावर भरायचा लगदा, तेलुगूत लप्पम्. आम्ही ज्या गावात राहतो, तेथील नक्काश पोनिकीच्या हलक्या लाकडाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीने जोडतात, भुशाच्या लगद्याने सांधे बुजवतात आणि वर असा रंग चढवतात की आंबा खरा वाटावा. तेथे ती कला आहे, कारण आंबा लाकडाचा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असते.

पण लांबीचे आम्हांला फारसे दुःख झाले नाही. मिस्त्रीने पुढे जे दाखवले त्याने आमचे हातपाय गार पडले. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा काही क्षण लागून विझायला हवा. आमच्या गाडीत तो कधी लागतच नव्हता. कोणीतरी त्याची जोडणीच काढून ठेवली होती, आणि डाव्या बाजूच्या झाकणामागे एअरबॅग नव्हती. त्या आसनावर बसून आमची पुतणी आठ महिने नांदेडला ये-जा करत होती.

घरी येऊन आम्ही तो कागद पुन्हा काढला. पुतणी निर्मलमध्ये शिकलेली. तेलंगणाने २०१८ च्या कायद्याने दहावीपर्यंत तेलुगू सक्तीची केली, त्या धोरणातल्या त्रुटींवर आम्ही येथेच लिहिले आहे. पण त्यामुळे या पिढीला ती लिपी सहज वाचता येते, हेही खरे. तिने ओळ एका दमात वाचली आणि आमच्याकडे पाहिले. “काका, अहो, इथं अपघात लिहिलाय सरळ. तुम्ही वाचलं नव्हतं का?”

वाचले होते, हेच तर अडचणीचे होते.

शोरूममध्ये प्रथम आम्ही तोंडी बोललो. व्यवस्थापक गोड माणूस. तीन सर्व्हिसिंग मोफत आणि नवा रंग देऊ म्हणाला. एअरबॅगविषयी विचारता ‘पाहतो’ म्हणाला. तोंडी बोलण्यात आणखी दोन खेपा गेल्या, तेव्हा आम्ही लेखी मागणी नोंदणीकृत टपालाने पोचपावतीसह पाठवली : गाडी परत घ्या, पैसे परत द्या. उत्तर आले ते इंग्रजीत आणि नेमके. अपघात झाल्याचे शेऱ्यात स्पष्ट लिहिले होते, खरेदीदाराने त्याखाली सही केली आहे, सबब काही लपवलेले नाही.

ही बातमी आमच्या मंडळींत पसरली आणि फोन येऊ लागले. मराठी माणसाला तेलुगू कागद देऊन फसवले, यावर निवेदन काढू, घटनेचा अनुच्छेद ३५० आपल्या बाजूने आहे, शोरूमसमोर बसू. आम्ही आयुष्यातील बरीच वर्षे निवेदने काढली आहेत, त्यामुळे मोह झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु अनुच्छेद ३५० हा राज्याच्या किंवा संघाच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना संघात वा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा वापरण्याचा हक्क देतो. मोटारीचा विक्रेता हा अधिकारी नव्हे. आणि दुसरे असे, की त्या दुकानाने मराठी माणूस पाहून तेलुगू ओळ लिहिली नव्हती. तेथे सगळ्यांनाच तसे लिहून देतात. आम्हांला वाचता येत नाही असेही आम्ही सांगितले नव्हते. उलट रुबाबाने बोट ठेवून वाचले होते.

आम्ही हे पुतणीला सांगत बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, “काका, प्रमादम् तुम्हांला कळलं नाही, ही चूक तुमची. पण चिन्न कोणी लिहिलं?”

सगळे प्रकरण त्या प्रश्नावर उलटले. आम्ही महिनाभर चुकीच्या शब्दाशी झुंजत होतो. ‘प्रमादम्’ खरा होता. खोटा होता तो ‘चिन्न’, आणि तो आम्हांला पहिल्या दिवसापासून नीट कळला होता. ज्याची मातृभाषा तेलुगू आहे तोही त्या दोन अक्षरांनी आमच्याइतकाच फसला असता.

मग आम्ही अपघात लहान नव्हता याचा पुरावा शोधला, आणि तो शोधण्याची रीत येथे सविस्तर सांगणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण सीमेच्या दोन्ही बाजूंनी जुन्या गाड्यांची ये-जा मोठी आहे. आधीच्या मालकाच्या विमापत्राची प्रत कागदांत होतीच. विम्यात दावा न केल्याची सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के मिळते आणि पुढे २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढते. दावा केला की नूतनीकरणात ती शून्यावर येते. आमच्या गाडीच्या चौथ्या वर्षाच्या पत्रावर शून्य होते. हा आकडा खरेदीच्या दिवशी आमच्या हातात होता, आम्ही पाहिला नाही. त्यावरून आधीच्या मालकाला गाठले. ते भले गृहस्थ निघाले. त्यांनी दाव्याचे कागद दिले. दुरुस्तीचे अंदाजपत्रक १ लाख ८० हजारांचे होते, त्यात दोन्ही एअरबॅगांची किंमत धरलेली होती. गाडी त्यांनी दुरुस्त न करता, तशीच त्या दुकानाला विकली होती. म्हणजे लगदा, रंग आणि दिव्याची तार, सारे दुकानात आल्यानंतरचे.

राहिला प्रश्न दाद कोठे मागायची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्याने सीमेवरच्या माणसावर एक मोठा उपकार केला आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात विक्रेत्याच्या गावी किंवा जेथे व्यवहार घडला तेथे जावे लागे. नव्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. नांदेडला गाडी घेतलेल्या निर्मलकराला नांदेडच्या खेपा नकोत आणि निजामाबादला घेतलेल्या देगलूरकराला निजामाबादच्या. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षे. आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीत बोलता येते. या संपूर्ण प्रकरणात कोणी आमच्याशी अधिकृतपणे मराठीत बोलले असेल तर ते तेथेच.

कंपनीलाही ओढा, असा सल्ला काहींनी दिला. गोव्यातील एक प्रकरण त्यांना दाखवले. २००९ साली बनलेली मोटार तेथील विक्रेत्याने २०११ मध्ये नवी म्हणून विकली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही आयोगांनी विक्रेत्याबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. विक्रेत्याने काय केले ते कंपनीला ठाऊक होते असे सिद्ध झाल्याखेरीज, आणि दोघांचे नाते स्वतंत्र खरेदी-विक्रीचे असेल तर, एकाचे पाप दुसऱ्याच्या माथी येत नाही, असा त्याचा आशय. विक्रेता मात्र सुटला नाही. आम्हीही एकालाच धरायचे ठरवले.

दुसरे पत्र पुतणीने तेलुगूत लिहिले, आम्ही सांगत गेलो. त्यात भाषेविषयी अवाक्षर नव्हते. अपघात आम्हांला सांगितला होता हे मान्य. तो ‘चिन्न’ असल्याचे सांगितले, हे असत्य. सोबत १ लाख ८० हजारांचे अंदाजपत्रक आणि एअरबॅगच्या रिकाम्या जागेचे छायाचित्र. पंधरा दिवसांत उत्तर नसल्यास अदिलाबादच्या जिल्हा आयोगाकडे फिर्यादु. तक्रारीला तेलुगूत फिर्यादुच म्हणतात. आपला फिर्याद तोच, फारसीतून दोघांकडे आलेला आणि दोघांकडेही अर्थ न बिघडता राहिलेला.

नवव्या दिवशी बोलावणे आले. वापरापोटी ३५ हजार कापून बाकीची रक्कम परत देण्यावर समेट झाला. आम्ही २० हजारांवर अडलो होतो, पण महिने किती घालवायचे याचाही हिशेब असतो. समेटाचा कागद तेलुगूत होता. पुतणीने तो मोठ्याने वाचला आणि एका ओळीवर थांबली : गाडीत कोणताही दोष आढळला नाही, केवळ सद्भावनेने परत घेत आहोत. ती ओळ आम्ही खोडायला लावली. व्यवस्थापक हसला, म्हणाला, सर, आता पैसे मिळाले ना? मिळाले होते. परंतु ती ओळ पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवली गेली असती. त्याने खोडले, सही केली. खाली आम्ही चार ओळींत मराठी मजकूर लिहिला आणि त्यावरही त्याची सही घेतली. तेवढा हट्ट आम्ही केलाच.

गाडी सोडून येताना एक गोष्ट विसरू नये. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची सूचना नमुना २९-ग मध्ये ऑनलाइन दिली की जबाबदारी त्याची होते. ती दिली नाही तर उद्याचा दंड आणि उद्याचा अपघात आपल्या नावावर. आम्ही पोच हातात पडेपर्यंत त्या काचेच्या दालनात दोन तास बसून राहिलो आणि मग निर्मलची बस धरली.

यादीतील ‘प्रमाद’ हा शब्द पुतणीने आपल्या हाताने लिहिला आहे, दोन्ही लिप्यांत. तिने आणखी अकरा शब्द सुचवले आहेत. त्यांतले चार आम्ही आजवर चुकीचे समजत होतो. ते पुढील लेखात देऊ.