विझणारा सूर

पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे फिरते. त्यानंतर त्या सुरावर माझी सत्ता उरत नाही. तो फुगवता येत नाही, शेजारच्या सुराकडे ओढत नेता येत नाही. पट्टी धरून ठेवायची आणि तो विझताना ऐकायचा, एवढंच हाती असतं. माझी आई गाणं शिकवते. लहानपणी मी पियानोचा धडा घोकत असले की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "यात मींड कुठंय गं?"

पुण्यात एकल वादनाचा कार्यक्रम ठरला तेव्हा मी सोळाव्या-सतराव्या शतकापासून विसाव्यापर्यंतच्या रचना निवडल्या. यादी लिहून झाल्यावर लक्षात आलं की आईचाच प्रश्न मी कार्यक्रमपत्रिकेच्या रूपात मांडला होता. प्रत्येक रचनाकार आपापल्या परीनं विझणाऱ्या सुराशी झगडत होता.

सुरुवात विल्यम बर्डच्या 'द बेल्स'नं केली. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात जपलेल्या जुन्या हस्तलिखितातली ही रचना. खाली दोनच सूर आलटून पालटून येत राहतात आणि त्यांच्यावर घंटांचा नाद हळूहळू दाटत जातो. बर्डपुढे व्हर्जिनल होतं. त्यात पक्ष्याच्या पिसाचा काटा तार छेडतो. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच. मग सूर जिवंत ठेवायचा तर तो पुन्हा पुन्हा छेडायचा, त्याच्याभोवती मुरक्या गुंफायच्या. शिकत असताना या मुरक्या मला नक्षीकाम वाटायच्या. लंडनमध्ये एकदा खऱ्या व्हर्जिनलवर हात ठेवायला मिळाला आणि कळलं की त्या काढून टाकल्या तर मधे नुसती पोकळी राहते. इटालियन रचनाकार फ्रेस्कोबाल्डीनं तर आपल्या टोकाटांच्या प्रस्तावनेत वादकांना तसं बजावूनच ठेवलंय: वाद्य रिकामं पडू देऊ नका, धरलेले सूर हवे तर पुन्हा वाजवा.

पियानोवर बर्ड वाजवताना पायाला पेडलचा मोह होतो. मी तो टाळला. त्याऐवजी बोटं पट्ट्यांवरून उशिरा उचलायची, म्हणजे एक सूर दुसऱ्यात मिसळतो. खरी अडचण गांधाराची होती. त्या काळी ही वाद्यं बहुधा अशी जुळवत की गांधार शुद्ध लागावा, म्हणजे जवळपास तानपुऱ्यातून आपसूक उमटणारा. आजच्या पियानोवरचा गांधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो, आणि १०० सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. आईच्या घरात वाढलेल्या कानाला हे टोचतं. एका कार्यक्रमासाठी पियानो दोनदा जुळवता येत नाही, आणि पुढच्या रचनांना आजचंच जुळवणं हवं. म्हणून मी ट्यूनरला काही सांगितलं नाही. बर्डच्या प्रत्येक स्वरमेळात गांधाराचं बोट तेवढं हलकं ठेवलं. या एका गोष्टीवर तीन आठवडे गेले आणि ते सार्थकी लागले असं मी मानते.

बाखनं १७२३ साली आपल्या 'इन्व्हेन्शन्स'च्या मुखपृष्ठावर लिहिलं की शिकणाऱ्यानं सर्वांत जास्त कमवायची ती गायल्यासारखं वाजवण्याची रीत. मी वाजवली ती त्याची 'क्रोमॅटिक फँटसी'. तिच्या एका भागावर त्यानं चक्क 'रेसिटेटिव्ह' असं लिहिलंय, म्हणजे गायिका बोलत बोलत गाते तसा. इथं सुरांमधली गाळलेली जागा ऐकणाऱ्यानं स्वतः भरायची असते. वादकाचं काम इतकंच की पुढचा सूर आधीचा जिथवर विझलाय तिथूनच उचलायचा. तो जोरात आला की वाक्य तुटलं. त्या काळच्या क्लॅव्हिकॉर्डवर याहून जास्त जमत असे. पट्टी दाबलेली असेपर्यंत पितळी पाती तारेला टेकून राहते, त्यामुळे बोटाच्या दाबानं सूर हलवता येतो. मींड नव्हे, पण आंदोलन नक्कीच. त्याचा आवाज मात्र एका खोलीपुरता.

शोपँचं एक नॉक्टर्न वाजवलं. तो शिष्यांना गायक ऐकायला सांगायचा, त्याबद्दल माझा त्याच्यावर वेगळा जीव आहे. मग डेब्यूसीचं १९१० मधलं 'बुडालेलं कॅथीड्रल'. तिथं खर्जातला एक सूर पेडलनं धरायचा आणि त्याच्या डोक्यावर स्वरमेळांच्या भिंती उभ्या करायच्या. सकाळी रिकाम्या सभागृहात तो खर्ज छान टिकत होता. संध्याकाळी खुर्च्या भरल्या, माणसांनी आणि कपड्यांनी नाद पिऊन टाकला, आणि सकाळी बेतलेले माझे सगळे थांबे लांब पडू लागले. पहिल्याच पानावर पाय आणि कान नव्यानं जुळवावे लागले. सरावात बेतलेलं ऐनवेळी सोडून देण्याचं धाडस मला अजून दर वेळी होत नाही. त्या संध्याकाळी झालं.

शेवटी लिगेती. 'मुझिका रिचेर्काता' त्यानं १९५१ ते १९५३ या काळात बुडापेस्टमध्ये लिहिली. अकरा तुकडे. पहिल्यात दोनच स्वर, दुसऱ्यात तीन, असं वाढत अकराव्यात बाराही. ओडव, षाडव, संपूर्ण असा विचार करणाऱ्या आपल्या लोकांना हे परकं वाटू नये. अकरावा तुकडा फ्रेस्कोबाल्डीला वाहिलेला आहे. तो वाजवून मी उठले. टाळ्या थांबेनात तेव्हा पुन्हा बसून पहिला वाजवला.

त्यात जवळपास सगळा वेळ एकच स्वर असतो, युरोपीय नावानं 'ला'. कधी खर्जात, कधी वरच्या टोकाला, कधी दोन्ही हातांत, कधी धावत. दुसरा स्वर, त्यांचा 'रे' (आपला ऋषभ नव्हे), येतो तो अगदी अखेरीस, एकदाच.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात घरी हा तुकडा घोटत होते. आई शेंगा सोलत बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "कधीची पंचमावरच बसलीयेस. सा कुठंय?" मी उत्तर न देता वाजवत राहिले. शेवटची पट्टी दाबली. तिनं हात थांबवून तो सूर गळ्यात घेतला. पियानोचा विझला तरी तिचा सा चालूच होता, आणि मी पट्टी धरून बसून होते.