सूनबाईचा फॉर्म



परवा सूनबाई बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सचा फॉर्म घेऊन आली. माझ्या तोंडून निघून गेलं, "घरात दोन लेकरं आहेत ना? मुलं सांभाळायला कोर्स कशाला?" ती गप्प बसली. मला मात्र झोप येईना. चाळीस वर्षांपूर्वी बी.कॉम. होऊन या खामगावच्या घरात आले, तेव्हा मलाही हेच ऐकवलं होतं. माझा फॉर्म कोराच राहिला.

कोर्स कशाला, याचं उत्तर अनुताई वाघांकडे आहे. त्या बालविधवा. 1945 साली, पस्तिशीत, बोर्डीला ताराबाई मोडकांकडे बालशिक्षणाच्या कामाला लागल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी साधनं नव्हती. शिंपले, बिया, पानं घेऊन मुलं मोजायला शिकली. आपण लेकराला भरवतो, गप्प बसवतो. त्याला स्वतःच्या हातानं करू देणं आणि आपण बघत थांबणं, हे शिकावंच लागतं.

सकाळी सामायिकाला बसले आणि आठवलं, दुसऱ्याच्या ज्ञानात विघ्न आणलं की ज्ञानावरणीय कर्म बांधलं जातं. पाठशाळेत मीच हे मुलांना शिकवते!

उठले, सूनबाईला 'मिच्छामि दुक्कडं' म्हटलं आणि फीचे पैसे तिच्या हातात ठेवले. कोर्सच्या वेळेत नातवंडं माझ्याकडे.

तुमच्या घरी असा फॉर्म आला, तर पहिलं वाक्य जरा जपून बोला.