दोन्ही टोकांना लाल

सांगलीहून आईचा फोन आला की हवापाण्याच्या गप्पांत एक प्रश्न ठरलेला असतो : "तुमच्याकडं पाणी किती फूट?" आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे गावभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो आकडा 57 च्या पुढे गेला आणि आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली गेला. त्याच घरातल्या मुलीनं इंग्लंडात जाऊन बोटीवर संसार थाटला, हे आईला अजून पचलेलं नाही. "पुराला भिऊन माणसं माळावर घर बांधतात, आणि तू थेट पाण्यातच!"

बोट घेण्याचं खरं कारण ऑक्सफर्डचं घरभाडं. निसर्ग, साधी राहणी वगैरे कारणं आम्हाला नंतर सुचली. इथल्या बऱ्याच कालव्यांवरची लॉक, म्हणजे बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दारांचे हौद, 7 फूट रुंदीची, त्यामुळे बोटीही तेवढ्याच अरुंद. त्यांना नॅरोबोट म्हणतात. आमची 57 फूट लांब आहे. पलंग, चूल, कोळशाची शेगडी, न्हाणी, सगळं एकामागोमाग एक, चाळीतल्या खोल्यांसारखं. ही बोट कालव्यातही चालते आणि थेम्स नदीतही. पाऊस नसतो तेव्हा दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. वाढलेलं पाणी दिसलं की मात्र पहिला प्रश्न हाच की तुम्ही उभे कुठे आहात, नदीवर की कालव्यात.

पहिला हिवाळा आम्ही नदीवर काढला. ऑक्सफर्डच्या वर, आइन्शम लॉकच्या खाली, एका शेतकऱ्याचा काठ भाड्यानं घेतला होता. उन्हाळ्यात तिथे गाई पाण्यात उतरायच्या आणि आम्ही छतावर बसून चहा प्यायचो. पानगळ सुरू झाली तशा शेजारच्या बोटी एकेक करून निघून जायला लागल्या. त्या ड्यूक्स कट नावाच्या छोट्या जोडकालव्यातून ऑक्सफर्ड कालव्यात शिरत होत्या. आम्हाला वाटलं, थंडीला घाबरले असतील.

थेम्सच्या प्रत्येक लॉकवर प्रवाहाची पाटी लावतात. पिवळी पाटी म्हणजे प्रवाह वाढतोय, किंवा कमी होतोय; कोणता ते तिच्यावर लिहिलेलं असतं. लाल म्हणजे जोराचा प्रवाह, बोट हलवू नका. लाल पाटी असताना बोट काढली तर पोलीस पकडत नाहीत. पण काही झालं तर विमा कंपनीशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. 2023 च्या ऑक्टोबरपासून वादळामागून वादळं आली आणि पाटी बहुतेक वेळ लालच राहिली. मग 2 जानेवारी 2024 ला हेंक नावाचं वादळ आलं. जमीन आधीच भिजून तुडुंब होती, त्यामुळे पडलेला पाऊस सरळ नदीत.

मी सांगलीची असल्यामुळे हा पूर मला ओळखीचा वाटला. वर कोट्सवोल्डच्या टेकड्यांवर पाऊस पडतो आणि पाणी एक-दोन दिवसांनी आपल्यापर्यंत पोचतं. मोबाइलवर पंधरा-पंधरा मिनिटांची पातळी दिसत असते. घरी आम्ही कोयनेतून किती विसर्ग सोडला हे विचारत बसायचो, इथे वरच्या लॉकचे आकडे बघत बसलो. थेम्स डोंगरी ओढ्यासारखी अंगावर येत नाही. ती पात्राबाहेर पडते, कुरणात पसरते आणि तिथेच आठवडे काढते. ऑक्सफर्डजवळचं पोर्ट मेडो हे कुरण तर हिवाळ्यात तळंच होऊन जातं.

घर पाण्यात जातं तेव्हा माणूस सामान वर चढवतो. बोट आपोआप वर येते, म्हणून पुरात बोटच बरी, असा आमचा हिशेब होता. बोट वर येते हे खरं, पण दोर वर येत नाहीत. काठाला बोट आखूड दोरांनी घट्ट बांधलेली असेल आणि पाणी चढलं, तर ते दोर तिची एक कड धरून खाली ओढतात. बोटीच्या कुशीत मोरीच्या पाण्याची भोकं असतात, ती पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच. बोट एकदा तेवढी कलली की पाणी आत यायला लागतं. म्हणून नदीवर दोर लांब ठेवायचे, लांबवरच्या झाडाला किंवा खोल ठोकलेल्या खुंटाला बांधायचे आणि पाणी चढेल तसे सैल करत जायचे. त्या आठवड्यात आम्ही दोघं रात्री पाळीपाळीनं उठत होतो. कपाळाला दिवा लावायचा, दोर चाचपायचा, हातभर सोडायचा आणि परत झोपायचं.

प्रवाहाचा जोर हा दुसरा प्रकार. पाण्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा दाब चौपट होतो. कालव्यात ताशी 4 मैल ही वेगाची मर्यादा आहे आणि आमचं इंजिन त्याच बेताचं. भर पुरात नदी त्याहून वेगानं धावत होती. अशा वेळी दोर तुटला तर इंजिन लावून काही उपयोग नाही, बोट थेट खालच्या बंधाऱ्याच्या दिशेनं जाणार. रात्री वाहत आलेले ओंडके पोलादावर आपटायचे, आणि आत पलंगावर पडून तो आवाज ऐकताना वाटायचं की कुणीतरी दार ठोठावतंय.

तिसरा धोका मला माहीतच नव्हता. काठ पाण्याखाली गेला होता. कुंपणाच्या खांबांची टोकं तेवढी वर दिसत होती आणि हंस शेतातून पोहत होते. वरच्या बाजूला एक म्हातारी बाई बरीच वर्षं नदीवर राहते. ती छातीपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यातून चालत आली आणि आम्हाला परांचीचे दोन लोखंडी पाइप देऊन गेली. ते बोट आणि काठ यांच्या मधे उभे ठोकायचे, म्हणजे बोट काठावर सरकत नाही. पाणी उतरताना बोट काठावर राहिली, तर एक बाजू जमिनीवर आणि दुसरी पाण्यात असं होऊन ती उलटते. जाताना ती म्हणाली, "पाणी चढताना झोप लागली तरी चालेल, उतरताना झोपू नकोस." माझ्या आईलाही हे पटलं असतं. पूर ओसरल्यावरच घराच्या भिंती पडतात, हे सांगलीत सगळ्यांनी पाहिलंय.

वसंतात पाटी पिवळी होऊन गेली आणि आम्हीही ड्यूक्स कटमधून कालव्यात शिरलो.

कालवा म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर पाट येतो. पाटबंधारे खात्यानं आवर्तन सोडलं की पाणी, नाहीतर कोरडा. इथला कालवा शेतीसाठी नाही, कोळसा वाहण्यासाठी खणलेला. ऑक्सफर्ड कालवा 1790 मध्ये पूर्ण झाला. त्याची आखणी जेम्स ब्रिंडली यांची, पण तो पुरा झालेला बघायला ते राहिले नाहीत. टेकड्यांना वळसे घालत, समपातळी रेषा धरून त्यांनी कालवा आखला, आणि जिथे उतार टाळता आला नाही तिथे लॉक ठेवली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट पुढच्या पातळीवर. दोन लॉकमधल्या टप्प्यातलं पाणी जवळजवळ उभंच असतं. वरच्या माथ्याला बॉडिंग्टन, वर्मलेटन, क्लॅटरकोट या तलावांतून पाणी मिळतं आणि जादा झालेलं सांडव्यांवरून बाहेर पडतं. थोडक्यात, कालव्यात पाणी किती असावं हे माणूस ठरवतो. त्यामुळे कितीही पाऊस झाला तरी कालवा चार बोटं वर येतो आणि थांबतो. पहिल्या जोरदार पावसात मी रात्री सवयीनं उठून दोर बघितले, तर ते होते तसेच होते. नवरा आतून ओरडला, "झोप आता, ही नदी नाहीये."

तेव्हा तो बरोबर होता. पण दक्षिणेकडे कालवा चेरवेल नदीच्या खोऱ्यातून जातो आणि दोन ठिकाणी नदीला हात लावतो. आय्नहो इथे नदी एका बाजूनं कालव्यात शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या सांडव्यावरून निघून जाते. पुढे बेकर्स लॉक ते शिप्टन वेअर लॉक हे मैलभराचं अंतर तर कालवा नाहीच, ती नदीच आहे. आय्नहो आणि शिप्टन वेअर ही दोन लॉक नेहमीच्या लांबट आकाराची नाहीत. ती मधे फुगलेली आहेत आणि नवख्या माणसाला बोट नीट कुठे लावावी ते कळत नाही. पण त्यामागे चोख हिशेब आहे. आय्नहोच्या लॉकची खोली फूटभरच, आणि त्याच्या पुढचं सॉमर्टनचं लॉक 12 फुटांचं. खालच्या खोल लॉकला प्रत्येक वेळी लागणारं पाणी वरच्या उथळ लॉकमधून जायला हवं, म्हणून ते रुंद केलं. आपल्याकडचं कुठलंही खातं असा विचार करतं तेव्हा मी मनात त्याला दाद देते. फक्त तशी वेळ फार येत नाही.

या नदीच्या तुकड्यांपाशी पातळीच्या पट्ट्या रंगवलेल्या आहेत. पाणी हिरव्यावर असेल तर जा, पिवळ्यावर सांभाळून, लालवर थांबा.

2024 च्या नोव्हेंबरात बर्ट वादळ आलं तेव्हा आम्ही लोअर हेफर्डला होतो. जागा सोयीची. कालव्याला लागूनच रेल्वे स्टेशन, नवऱ्याला ऑक्सफर्डला कामावर जायला बरं. चेरवेल पात्राबाहेर पडली. ओढवाटेवर, म्हणजे पूर्वी जिथून बोट ओढणारे घोडे चालायचे त्या वाटेवर, मी उभी राहिले तर एका बाजूला नदीनं कुरणं व्यापलेली, तांबडं पाणी धावतंय, आणि दुसऱ्या बाजूला कालव्यावर बदकं निवांत. घराला धोका नव्हता, पण वर आय्नहोला लाल आणि खाली बेकर्स लॉकलाही लाल. म्हणजे मधला सगळा कालवा सुखरूप आणि आम्ही त्यात अडकलेलो. शेगडीचा कोळसा विकायला येणारी बोट येऊ शकत नव्हती. आमच्यासारख्या ठरावीक धक्का नसलेल्या बोटींना एका जागी 14 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. 1995 च्या कायद्यात मात्र परिस्थितीनुसार वाजवी तेवढा जास्त काळ, अशी सवलत आहे, त्यामुळे ती काळजी नव्हती. संडासाची टाकी रिकामी करायची आमची नेहमीची जागा थ्रपला, लाल पट्टीच्या पलीकडे. शेवटी ती टाकी एका मित्राच्या गाडीच्या डिकीतून तिथवर गेली. त्यानं काच उघडी ठेवून गाडी चालवली. मैत्री टिकली आहे.

1 जानेवारी 2025 ला सकाळी बातमी आली. चेशरमधे डनम मॅसीजवळ ब्रिजवॉटर कालव्याचा भराव पावसानं फुटला होता. हा कालवाही ब्रिंडलींच्याच काळातला. फोटोत भरावाला मोठं खिंडार पडलेलं आणि पाणी खालच्या शेतांत पसरलेलं. पुणेकरांना हे चित्र परकं नाही. 27 सप्टेंबर 2018 ला मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं होतं, तेव्हा मी पुण्यातच होते. त्या दिवशी आकाशात पाऊस नव्हता, कुणी इशारा दिला नव्हता. पुण्यात लोक पाण्यात सापडले. बोटीवर राहणाऱ्यांचं उलट होतं, त्यांच्याखालचं पाणी निघून जातं. कालवा मळलेल्या चिकणमातीच्या थरावर उभा असतो. कालव्याखालून ओढ्याचं पाणी नेणारी मोरी खचली, झाडाच्या मुळांनी वाट केली किंवा पावसानं भराव आतून भिजला, की एका रात्रीत सगळा टप्पा रिकामा. मग जवळच्या पुलाखालच्या खाचांत लाकडी फळ्या टाकून उरलेलं पाणी अडवतात. नदीवर मी पाणी येण्याला भीत होते. कालव्यावर पाणी जाण्याला भ्यायला शिकले.

त्याच महिन्यात एका रात्री ओट्यावरचा पेला घरंगळून पडला आणि मी जागी झाले. बोट एका बाजूला कलली होती आणि बुडाखालून चिखल घासल्याचा आवाज येत होता. नवरा पायजम्यावरच बाहेर धावला. शेजारच्या दोन्ही बोटींवर दिवे लागले होते आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न. कुणीतरी म्हणाला, "डॅशवूड बघा." खालच्या डॅशवूड लॉकची एक झडप नीट बंद झालेली नव्हती आणि तिच्यातून पाणी रात्रभर वाहत होतं. टप्प्याची पातळी हातभर उतरली होती, म्हणून आम्ही तळाला टेकलो. झडप फिरवून बंद केली, वरच्या ॲलन्स लॉकमधून पाणी सोडलं आणि पहाटेपर्यंत बोटी पुन्हा तरंगल्या. नदीवर असं होत नाही. नदीत पाणी कमी पडलं तर ते वरून येतच असतं. कालव्यातलं पाणी मोजकं असतं आणि एका माणसाच्या हलगर्जीपणानं ते संपतं.

नवऱ्याचं मत आहे की हिवाळ्यात कालवाच बरा. मलाही आता तसंच वाटतं, पण त्याच्या कारणासाठी नाही. तो म्हणतो कालवा सुरक्षित आहे. मला तो सुरक्षित वाटत नाही, फक्त त्याचा धोका रोज रात्री उठवत नाही. नदी आधी सांगून येते, पट्टीवर आकडा चढताना दिसतो आणि तुम्ही हात हलवू शकता. फुटणाऱ्या भरावाचा आकडा कुठेच लावलेला नसतो. म्हणून लहान मूल किंवा म्हातारं माणूस बोटीवर असेल तर मी हिवाळ्यात कालवा सुचवीन. पण उंच भरावावर किंवा मोरीच्या डोक्यावर बोट बांधू नका, असंही सांगेन. उत्तरेकडचे कितीतरी लोक भरावाच्या माथ्यावर, खालच्या शेतांचा देखावा छान दिसतो म्हणून, महिनोन्‌महिने उभे असतात.

यंदा आम्ही हेफर्ड सोडायचं ठरवलं आहे. ऑक्टोबर संपायच्या आत बेकर्स लॉकमधून उतरून, शिप्टन ओलांडून, थ्रपच्या बाजूला यायचं. तिथे कालवा सपाट जमिनीवरून जातो, ऑक्सफर्डला बस आहे, आणि संडासाची टाकी चालत नेता येते.