भाच्याचे ग्लायडर

अक्का आणि दाजी ऊसतोडीला गेले की भाचा युसूफ वडगावला आमच्याकडे राहतो. मागच्या हंगामात त्याने हट्ट धरला, "मामा, रिमोटचं ग्लायडर पाहिजे." इंजिन नाही, हाताने फेकायचे आणि खालून वळवायचे.

पहिल्यांदा मीच चुकलो. कुणाचे तरी वापरलेले, दीड मीटर पंखांचे, स्पर्धेचे ग्लायडर घेतले. ते पंखाचे टोक धरून, गिरकी घेऊन थाळीसारखे फेकतात. हलके, पण पंख ताठ. ज्वारीच्या धसकटात आदळले आणि पहिल्याच सकाळी पंख मोडला. अक्काने उचलीतून काढून दिलेले पैसे ते! पोरगा त्या रात्री जेवला नाही.

नवशिक्याने फोमचे घ्यावे, हे मग कळले. ते वाकते, तुटले तरी चिकटवता येते. पंख टोकाकडे वर उचललेले असले की कलंडल्यावर बरेचसे आपणच सावरते. शेपटीला दोनच हलत्या पट्ट्या पुरतात. एक डावी-उजवीकडे वळायला, दुसरी वर-खाली व्हायला. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश रुंदीवर बोटे टेकवून तोलून पाहावे; शेपूट खाली गेली तर नाकात वजन घालावे. आपल्याकडे तोंड करून येताना मात्र डावे-उजवे उलटे होते. तिथे मी अजून गोंधळतो.

वारा पडलेल्या सकाळी माळावर भाल्यासारखे सरळ फेकले. तरंगत जाऊन गवतात उतरले. भाच्याने लगेच फोन लावला. तिकडे फडात मोळ्या बांधणे चालू होते.

"किती उंच गेलं रं?" दाजींनी विचारले.

"बाभळीएवढं!"

मी काही बोललो नाही. त्या माळावर बाभळ एकच आहे, तीही माझ्या खांद्याएवढी.