इन्टेंड

आईच्या टाचेची जखम टाके घालण्याजोगी नव्हती. मधुमेह. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी खरडलं होतं, 'हीलिंग बाय सेकंडरी इन्टेन्शन'. जखमेला कसला आलाय इरादा?

इरादा मुळात वैद्याचा. मध्ययुगात लॅटिनमध्ये लिहिणारे शल्यवैद्य (1363 साली मोठा ग्रंथ लिहिणारा गी द शोलियाक त्यांतला नामांकित) 'इन्टेन्शिओ' म्हणत ते उपचारामागच्या हेतूला. पहिला हेतू कडा जुळवण्याचा. ते जमलं नाही, तर जखम तळापासून भरू द्यायची. पुढे वैद्य गळाला आणि हेतू जखमेलाच चिकटला.

मला 'इन्टेंड' हे क्रियापद भेटलं बाबांच्या खणात. ते कोर्टात टंकलेखक. खणातल्या कागदाखाली एक अर्ज होता : 'आय इन्टेंड टू रिटायर व्हॉलंटरिली'. तारखेची जागा कोरी. कोकणात जाऊन आंब्याची कलमं लावायची होती त्यांना. अर्ज तिथेच पिवळा पडला, बाबा वयोमानानुसार निवृत्त झाले. तेव्हापासून या शब्दावर माझा राग आहे. 'आय विल' म्हणणाऱ्याला लोक धरतात; 'आय इन्टेंड'ला कोण जाब विचारतो?

कोर्ट विचारतं. बाबा दिवसभर तेच टंकत : कलम 34, 'कॉमन इन्टेन्शन'. दंड संहितेचा कायदा 1860चा, हे शब्द त्यात घुसले 1870च्या दुरुस्तीने. 1 जुलै 2024पासून ते न्याय संहितेच्या 3(5)मध्ये राहायला गेलेत. वार एकाने केला तरी इराद्यात आणि कृत्यात सामील असलेले सगळे सारखेच गुन्हेगार. कलमं न लावण्यात मात्र आम्ही घरचे सगळे सामील होतो, त्याला कुठलं कलम?

जखम सलाईनने धुतली की तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल मांस दिसतं. गॉज जरा ओढला गेला तरी रक्त येतं. लाल आहे तोवर बरं, पिवळट दिसलं की फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलंय.

ड्रेसिंग करताना काहीतरी बोलावं लागतं. म्हणून सांगितलं, जुन्या इंग्रजीत वाग्दत्त वधूला 'इन्टेंडेड' म्हणत; कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'मध्ये कुर्ट्झच्या वाग्दत्त वधूला तेवढंच म्हटलंय, नावच दिलेलं नाही.

"माझंही आधी सोलापूरला ठरलं होतं," आई म्हणाली. "सुपारी फुटली होती."

"कधी बोलली नाहीस!"

"विचारलंस कधी? हुंड्यावरून फिस्कटलं. मिलमध्ये जॉबर होता. तुझ्या बाबांपेक्षा उंच. पाय जरा हळू धर."