एकहाती वापरलेली

मराठीच्या प्राध्यापकाला मोटारीतले काही कळत असेल, हे लोकांना सहजी पटत नाही. सकाळी वर्गात मात्रावृत्ते शिकवणारा माणूस दुपारी महाविद्यालयाच्या आवारात एखाद्या सहकाऱ्याच्या गाडीचे बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहिला, की तो त्यांना काहीसा घसरलेला वाटतो. मोटारींचे हे वेड मला विद्यार्थिदशेपासून आहे, आणि वेड आले की मतेही आली. एरवी ती घरच्यांना ऐकावी लागतात. आज वाचकांची पाळी आहे.

नव्या गाडीपासून सुरुवात करतो. दसऱ्याला किंवा पाडव्याला शोरूमच्या दारात हार घातलेली गाडी, चाकाखाली लिंबू, शेजारी नवी साडी नेसलेली आई, हे दृश्य मला मनापासून आवडते. त्यातला आनंद खरा असतो. पण नवी गाडी घेणे हा आनंदाचा व्यवहार आहे. त्याला शहाणपणाचे नाव देऊ नये. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे नवी पेट्रोल गाडी घेतली तर किमतीच्या किमान ११ टक्के आणि डिझेल घेतली तर किमान १३ टक्के एकरकमी कर भरावा लागतो. त्यात विमा आणि नोंदणीची भर. हे पैसे गाडीत कुठेही दिसत नाहीत. पहिल्या मालकाने भरलेल्या करावर दुसरा मालक उरलेली वर्षे जवळजवळ फुकट फिरतो.

दुसरी तक्रार रूपाची. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादनशुल्क कमी झाले, आणि आपल्याकडच्या गाड्यांचा घाट त्या एका आकड्याने ठरू लागला. डिझायर २००८ साली आली तेव्हा चार मीटरहून लांब होती. २०१२ साली तिची डिक्की आखडून ती ३९९५ मिलिमीटरवर आणली गेली. तिचा खप प्रचंड झाला, गाडी म्हणूनही ती वाईट नाही. पण मागून पाहिली, की वृत्तात बसावा म्हणून शेवटचा शब्द तोडलेल्या ओळीची मला आठवण येते. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटीचे दर बदलले, तरी ती रेषा पुसली गेली नाही: लहान गाडीवर १८ टक्के, मोठीवर ४०. मात्रांचा हिशोब आता करखाते करते. आणि एसीचा पंखा कमी करण्यासाठी पडद्यावर बोट फिरवत रस्त्यावरची नजर काढायला लावणारी जी नवी सोय आली आहे, तिच्याविषयी न लिहिलेलेच बरे.

वापरलेल्या गाडीकडे मी ओढला गेलो तो आधी तिच्या भाषेमुळे. 'एकहाती वापरलेली', 'डॉक्टरची गाडी', 'पत्रा ओरिजिनल', 'एक रुपयाचे काम नाही', 'घ्यायची आणि चालवायची'. छोट्या जाहिरातींतली ही शैली इतकी पक्की झाली आहे, की तिच्यावर एखाद्या विद्यार्थ्याने लघुप्रबंध लिहायला हरकत नाही. डॉक्टर गाडी जपून चालवतात हा समज कुठून आला असावा? मध्यरात्री रुग्णाकडे धावणारा माणूस थंड इंजिनावर दया दाखवत नाही. हल्ली मोठ्या दुकानांतून 'प्री-ओन्ड' हा शब्द आला आहे. त्याने क्लच प्लेट नवी होत नाही.

गाडी मात्र सहसा खोटे बोलत नाही. टायरच्या कडेला चार आकडी अंक असतो. ३५१९ असेल तर तो टायर २०१९च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. काचांवरही वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच नंतरची असेल, तर त्या बाजूला काय झाले होते ते विचारावे. मीटर चाळीस हजार किलोमीटर सांगत असेल आणि ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आपण येण्याआधी ते तापवून ठेवले असेल, तर तेवढे एक कारण परत फिरायला पुरते.

आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे एक तरुण सहकारी आहेत. नाव लिहीत नाही. त्यांच्यासारखे वाचकांच्याही महाविद्यालयात असतील. दोन गावांतल्या दोन महाविद्यालयांत तास घेतात, रोज मोटारसायकलवर साठेक किलोमीटर. मानधन केव्हा येईल ते कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे बँक कर्जासाठी उभे करत नाही. लग्न झाले, मूल झाले. पावसाळ्यात तिघे एका दुचाकीवर. दोन-तीन वर्षे साठवलेले अडीच लाख रुपये घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, एक गाडी पाहून ठेवलीय. तुम्ही फक्त एकदा बघा."

गाडी २०१२ची, उंच, डिझेलवरची, रुबाबदार. मीटरवर अडुसष्ट हजार. सर्व्हिसची बिले 'घर बदलताना गेली' होती. चारही टायर कोरे करकरीत. मी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला. एरवी आतच गुंडाळून राहणाऱ्या त्या भागावर वाळलेल्या गाळाची फिकट रेघ होती, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पाणी कुठवर चढले होते ते आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. विक्रेता म्हणाला, "गाडी धुताना लागलं असेल." सीटचा पट्टा पूर्ण उलगडून गाडी धुणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

परतताना सहकारी गप्प होते. मग म्हणाले, "सर, त्या गाडीतून उतरलं, की शिपाईसुद्धा उठून उभा राहिला असता हो."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. वर्षानुवर्षे तासांवर राबणाऱ्या माणसाला मोठी गाडी का हवी असते, हे कळायला मोटारीतले काही कळावे लागत नाही. नॅनोचेही तेच झाले. स्कूटरवर बसलेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली, जानेवारी २००८मध्ये एक लाखाची गाडी म्हणून ती जगापुढे आली, आणि २०१८मध्ये तिचे उत्पादन थांबले. 'स्वस्त' म्हणवल्या गेलेल्या वस्तूतून उतरणे कुणाला नको होते. माझ्या मते ती कल्पक गाडी होती. पण तिची स्तुती इथे थांबवावी लागते, कारण २०१४च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला शून्य तारे मिळाले. मारुती अल्टो ८००लाही शून्यच.

जुन्या गाड्यांचे रसिक इथे बहुधा विषय बदलतात. मलाही पद्मिनी आवडते: स्टीअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअर, तो चोक, ते जाड दार लावल्याचा आवाज. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सींतून तिने निरोप घेतला तेव्हा मी हळहळलो होतो. पण 'जुन्या गाड्यांचा पत्रा काय मजबूत!' हे कौतुक मी करत नाही. पत्रा वाकत नाही तेव्हा धडकेचा सगळा जोर आत बसलेल्या माणसावर येतो. नव्या गाडीचे तोंड चुरगळते, म्हणून माणूस वाचतो. एवढ्या एका बाबतीत नवी गाडी निर्विवाद श्रेष्ठ आहे, आणि तिचे बाकी सारे दोष मी वर लिहिले असले तरी हे कबूल केले पाहिजे.

म्हणून मी त्यांना एक तारीख लिहून दिली: १ जुलै २०१९. त्या दिवसापासून बनलेल्या प्रत्येक मोटारीत चालकासाठी एअरबॅग आणि पट्टा लावण्याची आठवण देणारा भोंगा सक्तीचा झाला. एबीएस त्याच्या थोडे आधी. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व गाड्यांना २०२२च्या आरंभी सक्तीची झाली. त्याआधीच्या काही गाड्यांत ती असते, ती पाहून घ्यायची. डिझेल नको, एप्रिल २०२०नंतरच्या डिझेल गाड्यांतली धूर गाळणारी जाळी थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांनी तुंबते आणि तिचा खर्च मानधनातून निघत नाही. गाडी छोटी चालेल. मालक एक असावा, बिले असावीत.

तीन महिने शोधले. अखेर निवृत्त शिक्षकाची एक पांढरी, २०१९च्या नोव्हेंबरात बनलेली छोटी पेट्रोल गाडी मिळाली. पुढे दोन्हीकडे एअरबॅग. बंपरला दोन ओरखडे होते आणि मालकाने ते आधीच दाखवले. मीटर आणि पेडलचे रबर एकच गोष्ट सांगत होते. फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी भरून घेतले, कारण नोंदीवर नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी जुन्या मालकाच्या गळ्यात राहते आणि त्या गुरुजींना तो घोर नको होता. विम्यावरची नो-क्लेमची सवलत गुरुजींकडेच राहिली. ती गाडीबरोबर जात नसते.

शिपाई उठून उभा राहत नाही. पावसात तिघे कोरडे घरी पोहोचतात. क्लच वर्षभरात बदलावा लागेल, हे पाहतानाच लक्षात आले होते. त्याचे पैसे सहकाऱ्यांनी घासाघीस करून किमतीतून वळते करून घेतले. ती घासाघीस मात्र माझ्याहून त्यांनाच चांगली जमली.